मॉर्मन लोक पश्चिमेकडे कसे गेले: रस्ता, गाड्या, खाणंपिणं, आजारपण, सगळे नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत ओमाहाहून सॉल्ट लेक सिटीला आय-८० हायवेनं मी गाडीनं गेलो, दोन दिवसांत पोचलो, वाटेत तीनदा पेट्रोल भरलं. त्याच वाटेनं, म्हणजे बराचसा त्याच नदीच्या काठानं, हजारो माणसं चालत गेली होती हे तोवर फक्त ऐकून होतो. मग वाचत सुटलो आणि जो भेटेल त्याला सांगत सुटलो. लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय.

हे मॉर्मन म्हणजे नक्की कोण, आणि घरदार सोडून निघाले कशासाठी?

जोसेफ स्मिथ नावाच्या माणसानं १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा ख्रिस्ती पंथ सुरू केला. शेजाऱ्यांशी त्यांचं कुठेच पटलं नाही. कारणं बरीच होती, वेगळा धर्मग्रंथ, एकगठ्ठा मतदान, जमिनी घेणं, पुढे बहुपत्नीत्व. ओहायो सोडलं, मिसूरीत गेले, तिथे तर १८३८ मध्ये गव्हर्नरनं लेखी हुकूमच काढला की यांना राज्याबाहेर काढा नाहीतर संपवा. मग इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठावर नॉवू नावाचं गाव वसवलं, ते चांगलं वाढलं, पण २७ जून १८४४ ला कार्थेजच्या तुरुंगात जमावानं जोसेफ स्मिथ आणि त्याच्या भावाला गोळ्या घातल्या. त्यानंतर बहुसंख्य लोकांचं नेतृत्व ब्रिगम यंगकडे आलं आणि त्यानं ठरवलं की आता अशा जागी जायचं जी दुसऱ्या कुणाला नकोच असेल. ती जागा म्हणजे ग्रेट सॉल्ट लेकचं खोरं, जे तेव्हा मेक्सिकोच्या हद्दीत होतं. म्हणजे हे लोक अक्षरशः देश सोडून निघाले होते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

रस्ता कुठून कुठे आणि किती लांब होता?

नॉवूपासून धरलं तर साधारण १३०० मैल, म्हणजे २१०० किलोमीटर. याचे दोन तुकडे करून बघा म्हणजे समजायला सोपं जातं. पहिला तुकडा आयोवातून मिसूरी नदीपर्यंत, सुमारे ३०० मैल. दुसरा तुकडा आजच्या ओमाहापासून सॉल्ट लेकपर्यंत, १०३१ मैल.

दुसऱ्या तुकड्यात आधी एल्कहॉर्न आणि लूप नद्या ओलांडायच्या, मग प्लॅट नदीच्या उत्तर काठानं शेकडो मैल सपाट गवताळ प्रदेश. पुढे चिमनी रॉक नावाचा सुळका दिसायला लागतो, जो दिसल्यावरही पोचायला दिवसच्या दिवस लागायचे. मग स्कॉट्स ब्लफ, फोर्ट लॅरमी. तिथे नदी ओलांडून दक्षिणेला यायचं, आजच्या कॅस्परजवळ नॉर्थ प्लॅट शेवटची ओलांडायची, मग इंडिपेंडन्स रॉक, डेव्हिल्स गेट, स्वीटवॉटर नदी पुन्हा पुन्हा पार करत साउथ पास. ही खिंड साधारण ७४०० फुटांवर आहे पण चढ इतका हळू आहे की माथा कुठला ते कळतच नाही. त्यानंतर ग्रीन रिव्हर, फोर्ट ब्रिजर, एको कॅन्यन, आणि शेवटचे काही मैल सगळ्यात वाईट, वासाच पर्वतातली झाडीनं भरलेली अरुंद दरी. जनावरं आणि माणसं दोन्ही थकलेली असताना नेमका हा भाग यायचा.

आयोवा तर सपाट आहे, मग तिथे इतका वेळ का लागला?

चिखल! आणि चुकीची वेळ. पहिले लोक ४ फेब्रुवारी १८४६ ला भर थंडीत मिसिसिपी ओलांडून निघाले, आधी होड्यांतून, नंतर नदी गोठली तेव्हा बर्फावरून. वसंतात निघायचं ठरलं होतं पण धमक्या वाढल्या आणि घाई झाली, बऱ्याच कुटुंबांकडे पुरेसा शिधासुद्धा नव्हता. मग बर्फ वितळला, पाऊस लागला, गाड्या तुंब्यापर्यंत चिखलात रुतायच्या. ३०० मैलांना जवळजवळ चार महिने लागले, जूनच्या मध्याला ते मिसूरी नदीवर पोचले. पुढच्या वर्षी हजार मैल साडेतीन महिन्यांत झाले, यावरून काय ते समजा. या सगळ्या प्रवासाची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही की निघायची तारीख चुकली की सगळं चुकायचं. खाली हातगाड्यांचं वाचाल तेव्हा हे पुन्हा दिसेल.

पण आयोवात त्यांनी एक फार शहाणपणाचं काम केलं. गार्डन ग्रोव्ह आणि माउंट पिस्गा या जागी थांबून शेतं नांगरली, पेरली, आणि पुढे निघून गेले, पीक मागून येणाऱ्यांसाठी.

तो हिवाळा त्यांनी मिसूरीच्या काठी विंटर क्वार्टर्स नावाच्या वस्तीत काढला, लाकडी झोपड्या, मातीतली घरं. ताजी भाजी नाही, मक्याची भाकरी आणि खारवलेलं डुकराचं मांस, त्यामुळे स्कर्व्ही झाला, वर हिवताप. शेकडो माणसं गेली, त्यात लहान मुलं खूप.

१८४७ च्या पहिल्या तुकडीत किती लोक होते?

१४३ पुरुष, ३ बायका, २ मुलं. सत्तरच्या वर गाड्या, घोडे, खेचरं, बैल, गायी, कुत्री, कोंबड्या, एक तोफ आणि चामड्याची एक होडी. या पुरुषांत ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी हे तीन कृष्णवर्णीय गुलामही होते. स्मारकावर त्यांची नावं आहेत, पण गोष्ट सांगताना त्यांना हटकून वगळलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण खोऱ्यात आधी पोचून रस्ता साफ करणाऱ्या माणसांत ते होते.

ब्रिगम यंग स्वतः शेवटी तापानं आजारी पडला होता, गाडीत झोपून २४ जुलै १८४७ ला खोऱ्यात आला. त्या आधीच दोन-तीन दिवस पुढची माणसं पोचून नांगरणी आणि ओढ्याचं पाणी शेतात वळवणं सुरूसुद्धा झालं होतं. २४ जुलै हा यूटा राज्यात (सॉल्ट लेक सिटी तिथेच) आजही सुट्टीचा दिवस आहे. त्याच वर्षी मागून आणखी साधारण दीड हजार लोक आले.

अंतर मोजायचे कसे?

हा माझा सगळ्यात आवडता किस्सा. विल्यम क्लेटन नावाचा माणूस नोंदी ठेवायचा. रोज किती मैल झालं यावर लोकांचे अंदाज वेगवेगळे, त्याला ते सहन होईना. त्यानं एका गाडीच्या चाकाला लाल फडकं बांधलं आणि दिवसभर चाकाबरोबर चालत फेरे मोजले! ३६० फेरे झाले की एक मैल. काही दिवस हे केल्यावर ऑर्सन प्रॅटनं दातेरी चाकांच्या यंत्राची कल्पना मांडली आणि ॲपलटन हार्मन या सुतारानं ते लाकडात बनवलं. त्या मोजमापावरून क्लेटननं १८४८ मध्ये एक छोटी मार्गदर्शिका छापली, कुठला ओढा किती मैलांवर, पाणी कुठे, गवत कुठे, तळ कुठे टाकावा. मॉर्मन नसलेले लोकही ती घेऊन जायचे.

मागून येणाऱ्यांसाठी निरोप मात्र बायसनच्या पांढऱ्या पडलेल्या कवटीवर लिहून वाटेच्या कडेला ठेवत.

ऑरेगन ट्रेल आणि हा एकच रस्ता का?

अर्धा एकच. फोर्ट लॅरमीपर्यंत मॉर्मन मुद्दाम प्लॅटच्या उत्तरेनं गेले, ऑरेगनला जाणारे बहुतेक दक्षिणेनं. त्या गर्दीत मिसूरीचे लोक असायचे आणि चारा-पाण्यावरून भांडण नको होतं. पुढे रस्ते एकत्र होतात, फोर्ट ब्रिजरला परत फुटतात. तिथून सॉल्ट लेककडचा रस्ता आदल्या वर्षी कॅलिफोर्नियाला निघालेल्या डॉनर पार्टी नावाच्या तांड्यानं झाडं तोडत कसाबसा काढला होता. डॉनर मंडळींचे जे दिवस त्यात गेले ते त्यांना पुढे सिएरा नेवाडाच्या बर्फात भोवले, आणि मॉर्मन लोकांना तोच रस्ता आयता मिळाला.

नॉर्थ प्लॅटवर आणखी एक गंमत झाली. मॉर्मन लोकांनी तिथे तराफा चालवायला सुरुवात केली आणि ऑरेगनला निघालेल्या मिसूरीच्याच लोकांना मोबदला घेऊन पलीकडे सोडलं, तोही पैशाऐवजी बराचसा पिठाच्या रूपात. पीठ संपत आलेलं असताना ते मिळालं. ब्रिगम यंगनं मग नऊ माणसं तिथेच ठेवली.

लोक गाडीत बसून जायचे ना?

नाही हो, चालत. सिनेमात दिसतं तसं गाडीत बसून गप्पा मारत कोणी गेलं नाही. गाडीला स्प्रिंगा नाहीत, आतमध्ये पीठ, बियाणं, अवजारं, अंथरुणं खचाखच, आणि बैलांवर ओझं वाढवणं परवडायचं नाही. आजारी, बाळंतीण, अगदी तान्ही मुलं एवढीच आत. बैल का, तर घोड्यापेक्षा स्वस्त, गवतावर भागतं, आणि चिखलात नेटानं ओढतात. वेग ताशी दोन मैलांच्या आसपास. दिवसाला १०-१५ मैल म्हणजे चांगला दिवस.

कोरड्या हवेत लाकूड आकसायचं आणि चाकाची लोखंडी धाव सैल होऊन निघून यायची. मग चाकं रात्री नदीत बुडवून ठेवायची किंवा धावेखाली पाचरी ठोकायच्या.

दिवस कसा असायचा?

पहिल्या तुकडीचे नियम लिहिलेले आहेत. पहाटे ५ ला बिगुल, प्रार्थना, स्वयंपाक, जनावरांना चारा, ७ ला निघायचं. रात्री गाड्या गोलात लावायच्या, साडेआठला प्रार्थनेचा बिगुल, ९ ला झोप, पहारेकरी जागे. रविवारी शक्यतो थांबायचं. दहा, पन्नास आणि शंभरच्या गटांवर एकेक कॅप्टन. इतर अमेरिकन तांडे वाटेत भांडून फुटायचे, यांचे फारसे फुटले नाहीत आणि माझ्या मते त्याचं कारण ही शिस्त आणि दुसरं म्हणजे हे लोक एकेकटे नशीब काढायला निघालेले नव्हते, सगळं गावच हलत होतं, न्हावी, लोहार, सुईण सगळ्यांसकट.

खायचे काय आणि चूल कशावर पेटवायचे?

मुख्य पीठ. नॉवूत पाच जणांच्या कुटुंबासाठी यादी छापली होती त्यात १००० पौंड पीठ होतं. शिवाय खारवलेलं मांस, सुकी फळं, दुधाला गायी, वाटेत मिळाली तर शिकार.

नेब्रास्कात झाडंच नाहीत, त्यामुळे जळण म्हणजे बायसनचं वाळलेलं शेण. आपल्याकडच्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही, पण इंग्लंडच्या गिरणीतून आलेल्या बाईला पहिल्या दिवशी ते हातात धरवत नसे. आठवड्याभरात त्याच बायका पदरासारखा एप्रन पसरून गोवऱ्या गोळा करत. इंडिपेंडन्स रॉकजवळ सुकलेल्या तळ्यांत नैसर्गिक सोडा मिळायचा, तो भरून घेत आणि भाकरी फुगवायला वापरत. पण त्याच भागातलं खारं पाणी प्यायलं की बैल मरायचे, म्हणून तिथून जनावरं हाकत न्यावी लागत.

युरोपातले लोक कसे यायचे?

या प्रवाशांत ब्रिटिश आणि नंतर डॅनिश, स्वीडिश लोक प्रचंड होते. १८४० मध्ये लिव्हरपूलहून ब्रिटानिया जहाजातून ४१ जणांचा पहिला गट निघाला. सुरुवातीला लिव्हरपूल ते न्यू ऑर्लीन्स, मग आगबोटीनं मिसिसिपी वर सेंट लुइस. हा मार्ग कॉलरा आणि पिवळ्या तापानं बदनाम झाला, बोटींचे बॉयलरही फुटायचे, एप्रिल १८५२ मध्ये लेक्सिंग्टनला सलुडा बोट अशीच फुटून कितीतरी माणसं मेली. म्हणून १८५५ पासून न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फियाला उतरवून रेल्वेनं जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत नेऊ लागले. गरिबांसाठी १८४९ मध्ये एक फिरता निधी काढला होता, त्यातून भाडं मिळायचं आणि यूटात पोचल्यावर कमवून फेडायचं.

हातगाड्यांची भानगड काय होती?

१८५५ मध्ये यूटात टोळधाड आणि दुष्काळ, निधी आटला, आणि युरोपात येणाऱ्यांची रांग लागलेली. मग बैलगाडीऐवजी लोकांनी स्वतः दोन चाकी हातगाडी ओढत यायचं असं ठरलं. एका गाडीमागे साधारण पाच माणसं, मोठ्या माणसाला सामान १७ पौंड, त्यात कपडे, अंथरूण, भांडी सगळं आलं. रोजचं पीठ माणशी एक पौंड. एका तंबूत वीस जण. १८५६ ते १८६० मध्ये अशा १० तुकड्या गेल्या, सुमारे ३००० लोक. रेल्वे संपायची तिथून, म्हणजे आयोवा सिटीपासून (शेवटच्या तुकड्या फ्लॉरेन्सपासून, म्हणजे विंटर क्वार्टर्सच्या जागी वसलेल्या गावापासून) पायी.

आणि हे सांगायलाच हवं की योजना मुळात वेडेपणाची नव्हती. १८५६ च्या पहिल्या तीन तुकड्या सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोचल्या, बैलगाड्यांपेक्षा त्यांचा वेग जास्त होता.

मग विली आणि मार्टिन तुकड्यांचं काय झालं?

१८५६ च्याच या शेवटच्या दोन हातगाडी तुकड्या इंग्लंडहूनच उशिरा निघाल्या. आयोवा सिटीला आल्या तर गाड्या तयार नव्हत्या, घाईत ओल्या लाकडाच्या बनवल्या, त्या पुढे कोरड्या हवेत आकसून मोडायला लागल्या. आखाला वंगण नाही म्हणून लोकांनी साबण लावला, डुकराची चरबी लावली, म्हणजे खायची वस्तू चाकाला.

ऑगस्टमध्ये ते फ्लॉरेन्सला पोचले तेव्हा सभा झाली, पुढे जायचं की हिवाळा इथेच काढायचा. लीवाय सॅव्हेज हा माणूस आधी पश्चिमेला जाऊन आलेला, त्यानं स्पष्ट सांगितलं की इतक्या उशिरा म्हातारी माणसं आणि मुलं घेऊन निघालो तर माणसं मरतील. बहुमत पुढे जायच्या बाजूनं पडलं. मग तो म्हणाला की ठीक आहे, मीही तुमच्याबरोबर येतो, आणि आला. मला या सगळ्या इतिहासात हा माणूस सगळ्यात मोठा वाटतो, बरोबर असूनही त्यानं बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं नाही.

पुढे सप्टेंबरच्या सुरुवातीला बायसनच्या गोंधळात विली तुकडीची तीसेक जनावरं पळाली, त्यामुळे पिठाची पोती हातगाड्यांवर चढवावी लागली. फोर्ट लॅरमीला पुरेसा शिधा मिळाला नाही. यूटाहून शिधा घेऊन आलेल्या गाड्या, आता मागे कोणी नसणार असं समजून परत गेल्या होत्या. रोजचं पीठ कमी कमी करत गेले. मार्टिन तुकडीनं तर ओझं पेलवेना म्हणून ऑक्टोबरमध्ये ब्लँकेटं आणि कपडे जाळून टाकले. १९ ऑक्टोबरला त्यांनी नॉर्थ प्लॅट शेवटची ओलांडली, छातीपर्यंत पाणी, आणि त्याच दिवशी पहिलं बर्फाचं वादळ आलं. विली तुकडीचं पीठही त्याच दिवशी संपलं.

मागे लोक आहेत ही बातमी सॉल्ट लेकला ४ ऑक्टोबरला पोचली होती. दुसऱ्या दिवशी ब्रिगम यंगनं भर सभेत सगळं बाजूला ठेवायला लावलं आणि खेचरं, पीठ, गाडीवान मागितले. ७ तारखेला पहिल्या गाड्या निघाल्या. २१ ला विली तुकडी सापडली, पण त्यांना २३ ऑक्टोबरला रॉकी रिजचा चढ वादळात चढावा लागला आणि मुक्कामी सकाळी १३ जणांना एकाच खड्ड्यात पुरलं. मार्टिन तुकडी २८ ला सापडली. त्यांना एका डोंगराच्या आडोशाला हलवलं, आता त्या जागेला मार्टिन्स कोव्ह म्हणतात, तिथे जाताना मदतीला आलेल्या पोरांनी बर्फाच्या पाण्यातून माणसं पाठीवरून पलीकडे नेली. विली ९ नोव्हेंबरला आणि मार्टिन ३० नोव्हेंबरला पोचली. दोन्ही मिळून हजारच्या आसपास माणसं होती, २०० हून जास्त मेली, आणि वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे पाय किंवा बोटं कापावी लागली.

त्यांचं सामान राखायला २० माणसं डेव्हिल्स गेटला हिवाळाभर थांबली, शेवटी कातडी उकळून खाल्ली.

एकूण किती माणसं मेली? इंडियन म्हणजे अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या हल्ल्यात मेली का?

१८४७ ते १८६८ मध्ये साधारण ६० ते ७० हजार लोक या वाटेनं गेले आणि शंभरात तीन-चार वाटेत गेले. बहुतेक आजारानं, कॉलरा, हगवण, ताप. १८४९ पासूनची काही वर्षं कॉलऱ्याची फार वाईट. मग अपघात, गाडीखाली येणं (लहान मुलं चालत्या गाडीवरून उतरताना पडायची), बुडणं, जनावरं उधळणं, चुकून सुटलेली बंदूक. मूलनिवासींच्या हल्ल्यात मेलेले फारच कमी. उलट विंटर क्वार्टर्स ओमाहा जमातीच्या लोकांच्या जमिनीवर होतं, तिथलं लाकूड आणि शिकार यांनी संपवली. पॉनी लोक वाटेत पीठ-मीठ मागायचे तेव्हा प्रवासी त्याला भीक म्हणायचे, पण त्यांच्या बाजूनं बघितलं तर तो त्यांच्या कुरणातून जायचा कर होता. आणि यूटात पोचल्यावर चांगलं पाणी आणि चांगली जमीन गेली ती शोशोनी, यूट, गोशूट लोकांचीच.

सगळे याच वाटेनं आले का?

नाही. ब्रुकलिन जहाज २३० हून जास्त लोकांना घेऊन ४ फेब्रुवारी १८४६ लाच, म्हणजे नॉवू सोडायला सुरुवात झाली त्याच दिवशी, न्यूयॉर्कहून निघालं आणि दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जुलैअखेर आजच्या सॅन फ्रान्सिस्कोला लागलं. आणि ५०० च्या आसपास पुरुष मेक्सिको युद्धासाठी अमेरिकेच्या सैन्यात भरती होऊन सॅन डिएगोपर्यंत चालत गेले, त्यांचा पगार मागे कुटुंबांना उपयोगी पडला.

भारतातून कोणी गेलं होतं का?

हो! १८५० च्या दशकात कलकत्त्याला मॉर्मन मिशन होतं. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा मिशनरी मुंबईत उतरला, नंतर पुण्यातही होता, काम मुख्यतः छावणीतल्या ब्रिटिश सैनिकांत. कलकत्त्याचे ब्रिटिश लष्करी अधिकारी मॅथ्यू मॅकक्यून कुटुंब घेऊन १८५७ मध्ये यूटाला पोचले. त्यांचा मुलगा आल्फ्रेड १८४९ मध्ये कलकत्त्यात जन्मलेला, पुढे खाणींत गब्बर झाला, सॉल्ट लेकमधला मॅकक्यून वाडा त्याचाच. आणि वरचा लीवाय सॅव्हेज? तो १८५६ मध्ये परत येत होता तो कलकत्ता आणि ब्रह्मदेश करून!

हे सगळं थांबलं कधी?

१८६१ पासून पद्धत सुधारली. वसंतात सॉल्ट लेकहून बैलगाड्या पूर्वेला पाठवायच्या, वाटेत ठिकठिकाणी पीठ ठेवत जायचं आणि त्याच मोसमात प्रवासी घेऊन परत यायचं. हातगाड्यांची गरजच उरली नाही. हे १८५६ च्या आधी सुचलं असतं तर, असं दर वेळी वाटतं. १० मे १८६९ ला प्रोमॉन्टरीला रेल्वे जोडली गेली आणि महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला.

आज बघण्यासारखं काय आहे?

वायोमिंगमध्ये गर्नझी गावाजवळ मऊ दगडात चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत, काही ठिकाणी माणूस कमरेच्या वर बुडेल इतक्या खोल. मार्टिन्स कोव्हला जुलैमध्ये जा, पाणी बरोबर ठेवा, सावली नाही. आणि नेब्रास्कात स्कॉट्सब्लफ गावाबाहेर रेबेका विंटर्सची कबर नक्की बघा. ती १५ ऑगस्ट १८५२ ला कॉलऱ्यानं गेली. इतरांच्या कबरींना लाकडी पाटी असायची, ती वर्षभरात नाहीशी व्हायची. हिच्या सोबत्यानं मात्र गाडीच्या चाकाची लोखंडी धाव वाकवून, त्यावर छिन्नीनं नाव आणि वय ५० कोरून ती कबरीत रोवली. ती अजून उभी आहे, अक्षरं वाचता येतात, मी बोट फिरवून वाचली.